माहिती वाढली, बाळाचे काय झाले? परिचर्या संशोधनातील आरोग्यशिक्षणाविषयी चर्चा

अवलोकन (धागाकर्ता):

परिचर्या शास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांमध्ये एक साचा इतका रुळला आहे की पुष्कळदा शीर्षक वाचताच निष्कर्ष सांगता येतो. मातांचा एक गट निवडायचा, अर्भकाची काळजी, लसीकरण, पूरक आहार किंवा अतिसार यांपैकी एखाद्या विषयावर त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घ्यायची, मग तासाभराचा ‘संरचित शिक्षण कार्यक्रम’ घ्यायचा, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची आणि गुणांची सरासरी वाढल्याचे सांख्यिकीय कसोटीने दाखवून कार्यक्रम परिणामकारक ठरवायचा. नियंत्रण गट, म्हणजे शिक्षण न दिलेला तुलनेसाठीचा गट, बहुधा नसतो. नुकतेच शिकवलेले नुकतेच विचारले तर उत्तरे सुधारणारच. ती सुधारली नसती तर मात्र खरोखर काहीतरी शोधण्यासारखे हाती लागले असते.

माझे म्हणणे असे की, कुटुंबाच्या आणि बालकाच्या स्वास्थ्याचे नाव घेणाऱ्या संशोधनाने प्रश्नावलीबाहेरची निदान एक गोष्ट मोजलीच पाहिजे. असा आग्रह का, हे एका कार्यक्रमाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. रडणाऱ्या बाळाला रागाच्या भरात जोरात हलवले तर त्याच्या मेंदूला गंभीर इजा होते. ती टाळण्यासाठी मार्क डायस या बालमेंदू-शल्यविशारदांनी पश्चिम न्यूयॉर्कमधील प्रसूती रुग्णालयांत पालकशिक्षण सुरू केले. बाळाला घरी नेण्यापूर्वी परिचारिका आईवडिलांशी बोलत, पत्रक देत आणि माहिती मिळाल्याच्या निवेदनावर दोघांची सही घेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा इजांचे प्रमाण एक लाख जन्मांमागे ४१.५ वरून २२.२ वर आले, म्हणजे ४७ टक्क्यांनी घटले. पुढे पेनसिल्व्हेनियात हाच कार्यक्रम राज्यभर राबवला गेला आणि दहा लाखांहून अधिक पालकांनी सह्या केल्या. २०१७ मध्ये त्याचे मूल्यमापन आले, तेही डायस यांच्याच पुढाकाराने. पालकांनी आपली माहिती वाढल्याचे कळवले होते. परंतु या इजेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या बालकांच्या प्रमाणात कार्यक्रमामुळे घट झाल्याचे आढळले नाही. मूल्यमापन पालकांच्या उत्तरांवरच थांबले असते, तर हा कार्यक्रम आजही निर्विवाद यशस्वी म्हणून शिकवला गेला असता.

शुश्रूषा:

मी अनेक वर्षे प्रबंधांना मार्गदर्शन करते आणि वरील मांडणीशी ठामपणे असहमत आहे. आपण दिलेलेच उदाहरण आपल्या मागणीच्या विरोधात जाते. एक लाख जन्मांमागे वीस ते चाळीस वेळा घडणारी घटना साठ मातांच्या नमुन्यात दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. जे मोजताच येणार नाही ते मोजण्याची अट घातली, तर विद्यार्थी विषयच सोडून देतील.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. बालकाच्या अंतिम स्थितीवर शिक्षणाव्यतिरिक्त इतक्या गोष्टींचा प्रभाव असतो की तिच्यावरून शिक्षणाची परीक्षा घेणे अन्यायाचे ठरते. आपण ज्या इजेबद्दल बोलत आहात, तिच्याविषयीचा २०११ मधील एक अभ्यास अमेरिकेतील काही राज्यांतील परगण्यांपुरता होता. आर्थिक मंदीच्या आधी पाच वर्षांखालील एक लाख बालकांमागे हे प्रमाण ८.९ होते आणि मंदीच्या काळात ते १४.७ झाले, असे त्यात आढळले. हा काळ आणि पेनसिल्व्हेनियातील कार्यक्रमाचा काळ यांचा बराचसा भाग एकच आहे. घरातील रोजगार जातो, ताण वाढतो, मूल रडते, आणि आपण विचारता की परिचारिकेच्या पत्रकाने काय साधले?

ज्ञान हा अंतिम टप्पा नाही हे मान्यच आहे, पण तो पहिला टप्पा आहे. अतिसार झालेल्या बाळाचे पाणी तोडू नये हे ज्या आईला ठाऊकच नाही, तिच्याकडून क्षारसंजीवनीची अपेक्षा कशी करणार? शिवाय, पदव्युत्तर प्रबंधाचा एक हेतू संशोधनाची पद्धत शिकणे हाही असतो आणि प्रत्येक प्रबंधाने जगाच्या ज्ञानात भर घातलीच पाहिजे ही अपेक्षा इतर शाखांकडूनही कोणी करत नाही. आणखी एक भीती बोलून दाखवते. ‘परिणाम दिसला नाही’ हे वाक्य अंदाजपत्रक आखणाऱ्यांच्या हाती पडले की पहिली कात्री आरोग्यशिक्षणाला लागते.

आकडेमोड:

शुश्रूषाताईंनी दोन वेगवेगळ्या हरकती एकत्र बांधल्या आहेत. त्या सोडवून पाहू.

घटना दुर्मीळ आहे ही हरकत बरोबर आहे. परंतु त्यावरचा उपाय प्रश्नावलीकडे परतणे हा नाही. त्या घटनेच्या वाटेवर असलेली, वारंवार घडणारी आणि डोळ्यांनी पाहता येणारी कृती निवडणे हा आहे. अर्भकाच्या आकस्मिक मृत्यूचे उदाहरण घ्या. तो मृत्यू एका प्रबंधाच्या आवाक्यात मोजता येणार नाही, पण बाळ पाठीवर झोपवले आहे की पोटावर, हे कोणत्याही भेटीत दिसते. अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पोटावर न झोपवण्याची शिफारस केली आणि १९९४ मध्ये मोहीम सुरू झाली. १९९२ मधील दर हजार जन्मांमागे १.२० हे मृत्युप्रमाण २००१ पर्यंत ०.५६ वर आले. या घटीचा काही भाग मृत्यूच्या कारणाची नोंद बदलल्यामुळेही असू शकतो, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. तरीही झोपवण्याची पद्धत बदलल्याचे आधी दिसले आणि मग मृत्यू घटले, ही साखळी तपासता आली. कारण मधली कडी कोणीतरी मोजली होती.

ज्ञान हा पहिला टप्पा आहे, ही दुसरी हरकत. असेल, पण नियंत्रण गट नसलेली पूर्वचाचणी-उत्तरचाचणी तोही टप्पा नीट मोजत नाही. तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा सोडवताना गुण वाढतात, पहिल्यांदा फार कमी गुण मिळालेल्यांची सरासरी आपोआप वर सरकते, आणि जिने शिकवले तिच्याच हाती उत्तरपत्रिका द्यायची असल्याने माता तिला आवडेल ते लिहितात. या तीन गोष्टी वजा केल्यावर शिक्षणाच्या वाट्याला काय उरते, हे त्या रचनेतून कळूच शकत नाही. पश्चिम न्यूयॉर्कच्या अभ्यासातही प्रत्यक्ष इजा मोजली असली, तरी मुख्य तुलना त्याच भागातील आधीच्या वर्षांशी होती. तेव्हा चांगला निर्देशांक निवडणे पुरेसे नाही; तुलनाही चांगली हवी. ही सुधारणा मी मूळ मांडणीतही सुचवतो.

मध्यम आकाराच्या नमुन्यात हे शक्य असते. बर्नाडेट मेल्निक या परिचर्या संशोधकांनी नवजात अतिदक्षता विभागातील अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पालकांसाठी टप्प्याटप्प्याचा शिक्षण कार्यक्रम तयार केला. बाळ कसे दिसेल, कसे वागेल, आणि पालकांनी त्याच्यासाठी नेमके काय करावे, हे ध्वनिफिती आणि कृतिपुस्तिकेतून दिले जाई. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या यादृच्छिक चाचणीत (म्हणजे कोण कोणत्या गटात हे नशिबावर सोडलेल्या चाचणीत) २६० कुटुंबे होती. पालकांचा ताण त्यांनी मोजलाच, परंतु बाळ अतिदक्षता विभागात किती दिवस राहिले हेही मोजले आणि कार्यक्रमाच्या गटात ते सरासरी ३.८ दिवस कमी भरले. मुक्कामाचे दिवस रुग्णालयाच्या नोंदवहीत आधीच लिहिलेले असतात.

दारोदार:

मी गृहभेटी देणारी परिचारिका आहे. वरच्या तिन्ही प्रतिसादांत एक गृहीतक समान आहे ते असे की, आरोग्यशिक्षण म्हणजे माहिती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात पोहोचवणे, आणि वाद फक्त ती पोहोचली की नाही हे कुठे तपासायचे एवढाच आहे. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे.

डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७८ पासून न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे पहिलटकरणींसाठी परिचारिकांच्या गृहभेटींची चाचणी सुरू केली. नमुना ४०० जणींचा होता. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत भेटी चालत. पंधरा वर्षांनी पाहणी केली तेव्हा भेटी मिळालेल्या मातांच्या गटात मुलांच्या छळाच्या व दुर्लक्षाच्या पडताळलेल्या नोंदी तुलना गटापेक्षा जवळजवळ निम्म्या होत्या. नंतर डेन्व्हर येथे ७३५ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत त्याच कार्यक्रमासाठी एका गटाकडे परिचारिका आणि दुसऱ्या गटाकडे औपचारिक आरोग्यशिक्षण नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्या पाठवल्या गेल्या. दोघींनाही कार्यक्रमाचे प्रशिक्षण मिळाले होते, तरी २००२ च्या अहवालानुसार कार्यकर्त्यांच्या गटात दिसलेले परिणाम बहुतेक बाबतींत परिचारिकांच्या गटाच्या सुमारे निम्मेच होते. आराखडा सारखा असूनही फळ वेगळे आले. त्याचे कारण मला तरी असे दिसते की आईच्या सुजलेल्या पायांकडे पाहून जी रक्तदाब तपासते, तिने बाळाबद्दल सांगितलेले आई ऐकते.

आणि हेही पाहावे की एल्मायरातील ज्या घरांत स्त्रीवर वारंवार हिंसाचार होत होता, तेथे भेटींचा मुलांच्या छळावरील परिणाम दिसेनासा झाला, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात आढळले. आईला मारहाण होत असलेल्या घरात बालसंगोपनाचे धडे किती उपयोगी पडणार? अशा घरात प्रश्नावलीचे गुण मात्र उत्तम येऊ शकतात, हे मी अनुभवाने सांगू शकते. म्हणून माझ्या मते मोजायचे असेल तर आधी घरातील परिस्थिती मोजा, भेटींची संख्या मोजा, आणि भेट देणारी व्यक्ती मध्येच बदलली का तेही मोजा.

आकडेमोड:

दारोदारताई, एल्मायराबरोबर इंग्लंडही सांगायला हवे. तेथे हाच कार्यक्रम १९ वर्षांपर्यंतच्या पहिलटकरणींसाठी घेतला गेला, १,६४५ जणींची चाचणी झाली आणि २०१६ च्या अहवालात गरोदरपणाअखेरचे धूम्रपान, जन्मवजन, दोन वर्षांतील दुसरी गर्भधारणा आणि मुलाचे तातडीने रुग्णालयात जाणे या चारही मुख्य निर्देशांकांत फरक आढळला नाही. परिचारिका त्याच दर्जाच्या होत्या, आणि भेटी तर चौसष्टपर्यंत ठरलेल्या होत्या.

दारोदार:

ते मला ठाऊक आहे, आणि तो निकाल मी नाकारत नाही. पण तेथे तुलना कोणाशी होती हेही सांगा. इंग्लंडमध्ये तुलना गटातील मातांनाही सुईणी आणि गृहभेटी देणाऱ्या आरोग्य परिचारिका मिळतच होत्या. १९७८ च्या एल्मायरातील तुलना गटाला तसे काही नव्हते. शिवाय, त्याच मुलांचा पुढे शाळाप्रवेशापर्यंत मागोवा घेतला तेव्हा, मुलांच्या छळाच्या निर्देशांकात फरक दिसला नसला, तरी शाळेच्या पहिल्या वर्षातील अपेक्षित विकासपातळी गाठणारी मुले कार्यक्रमाच्या गटात अधिक होती. दोन वर्षांनी चाचणी मिटवली असती तर हे कळले नसते. आठवड्याभरात प्रश्नावली परत घेणाऱ्यांना हे कधी कळणार, हा माझाही प्रश्न आहे. तेवढ्यापुरती मी धागाकर्त्यांच्या बाजूची आहे.

प्रथमवर्ष:

मी पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. माझा विषय ‘केवळ स्तनपान’ (म्हणजे बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही न देणे) याविषयी प्रथममातांचे शिक्षण हा आहे आणि माहिती गोळा करण्यासाठी मला जेमतेम सहा आठवडे मिळतात. वरील चर्चा वाचून मी नेमके काय बदलावे हे कृपया कोणी सांगेल का?

अवलोकन:

आपला विषय त्या दृष्टीने सोयीचा आहे. प्रसूतीनंतर सहाव्या आठवड्याला माता लसीकरणासाठी येतेच. त्या दिवशी ‘गेल्या चोवीस तासांत बाळाला काय काय दिले’ एवढा एकच प्रश्न विचारा. केवळ स्तनपान चालू आहे की नाही हे त्यातून कळते आणि मातेला आपल्याला खूश करणारे उत्तर सुचण्याचा धोकाही थोडा कमी होतो. हा प्रश्न शिकवणाऱ्या व्यक्तीने विचारू नये. नमुना पहिल्या दोन आठवड्यांतच भरून घ्यावा लागेल, आणि माहितीसाठी मिळणारा काळ निदान दोन आठवड्यांनी वाढवून घ्यावा लागेल. तो मिळावा म्हणून भांडणे हे मार्गदर्शकांचे काम आहे.

दुसरे असे की, शिक्षण केवळ मातेलाच द्यायचे का, हाही विचार करा. बेलारूसमध्ये १७,०४६ माता-बालकांच्या जोड्यांवर झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रसूती रुग्णालये आणि त्यांना जोडलेले बालदवाखाने यांतील कर्मचाऱ्यांना स्तनपानास साहाय्य करण्याचे प्रशिक्षण दिले होते. तिसऱ्या महिन्यात केवळ स्तनपान चालू असण्याचे प्रमाण त्या गटात ४३.३ टक्के आणि तुलना गटात ६.४ टक्के होते, आणि पहिल्या वर्षात जठरांत्राचे संसर्गही कमी झाले. कक्षातील परिचारिका पहिल्या रात्री बाटली पुढे करत असेल, तर आपण दुपारी घेतलेले व्याख्यान कितीही संरचित असले तरी उपयोगाचे नाही.

शुश्रूषाताईंच्या भीतीबद्दल एवढेच म्हणतो: परिणाम न दिसलेले निष्कर्ष दडपल्याने आरोग्यशिक्षण वाचणार नाही. सगळेच कार्यक्रम परिणामकारक ठरवणाऱ्या संशोधनावर अंदाजपत्रक आखणारे आजही विश्वास ठेवत नाहीत, किंबहुना असे संशोधन ते वाचतच नाहीत.

शुश्रूषा:

दडपा असे मी कुठेही म्हटलेले नाही. काय विचारायचे ते पेलवेल असे विचारा, एवढेच माझे म्हणणे होते आणि आहे. सहाव्या आठवड्याचा एक प्रश्न पेलवण्याजोगा आहे, हे मी मान्य करते. माझ्या पुढील तुकडीच्या प्रबंधांत तो ज्ञानप्रश्नावलीच्या जोडीने घालून पाहीन, तिच्याऐवजी नाही. कारण एखादी माता सहाव्या आठवड्याला वरचे दूध देत असेल, तर तिला माहीत नव्हते म्हणून, की तिला कामावर परतावे लागले म्हणून, हे वेगळे करायला त्या प्रश्नावलीशिवाय माझ्याकडे दुसरे साधन नाही. आकडेमोड यांचा नियंत्रण गटाचा आग्रहही रास्त आहे, मात्र एकाच कक्षात शेजारच्या खाटांवरील मातांना वेगवेगळे शिक्षण दिले तर त्या संध्याकाळपर्यंत एकमेकींना सगळे सांगून मोकळ्या होतात. त्यामुळे गट कक्षानुसार किंवा आठवड्यानुसार पाडावे लागतील, आणि त्याने लागणारा नमुना किती वाढेल याचा हिशेब त्यांनी या धाग्यावर मांडावा, अशी विनंती करते.