सल्ला हवा: सोसायटीच्या संपचा वास, गंजलेलं झाकण. बजेट २५ हजार (पणजी)

सांतिनेज_सचिव
नमस्कार मंडळी. सांतिनेजला आमची छोटी सोसायटी. पार्किंगखाली सांडपाण्याचा संप, म्हणजे टाकी आहे, तिथून पंपाने पाणी सरकारी लाइनीत चढतं. मार्चपासून कुजक्या अंड्यांचा वास सुटलाय, सकाळी सगळ्यांच्या आंघोळीच्या वेळी जास्तच. लोखंडी झाकणाचे पापुद्रे निघतायत, आतल्या शिडीच्या दोनच पायऱ्या उरल्यात आणि वरच्या भागातलं सिमेंट ओल्या खडूसारखं हाताला लागतं. तळमजल्यावरच्या आजी निरांजन घासून ठेवतात, आठवड्यात चांदी पुन्हा काळी. एसीवाला म्हणतो कॉइल काळी पडून गॅस गळतोय. झाकण बदलू, कोटिंग करू की वासाची पावडर टाकू? बजेट २५ हजार, त्यावर एक रुपया नाही. सभेत मला खातील.

पर्वरीकर
डोळे मिटून संपला आतून एपॉक्सी कोटिंग, म्हणजे रेझिनचा थर करा. आम्ही ८५ हजारांत केलं, नंतर ढुंकून पाहावं लागलं नाही.

सांतिनेज_सचिव
काका, २५ म्हटलंय.

पर्वरीकर
आज वाचवा, उद्या संपच नवा बांधा. मला काय.

बार्देसचो_बाब
रात्री ब्लीचिंग पावडर, सकाळी संडासाचं अ‍ॅसिड. वास गायब! आमच्या घरी वर्षानुवर्षं हेच चालतं.

प्रयोगशाळा_ताई
बाब, हे कुणी करू नका! दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. वास जाईल, सोबत माणूसही.

निवृत्त_अभियंता
सचिवबाई, वास आणि गंज हा एकच आजार आहे. संपमध्ये पाणी साचून राहिलं की त्यातला ऑक्सिजन संपतो. मग तळाच्या आणि भिंतीच्या बुळबुळीत थरातले जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड करतात. पाणी खळबळलं की ते हायड्रोजन सल्फाइड होऊन हवेत येतं. तुमचा वास तोच, चांदी आणि एसीचं तांबं काळं करणाराही तोच. पाण्याच्या वरच्या ओल्या भिंतीवर दुसरे जिवाणू त्याच वायूचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि आम्लाने सिमेंटचं जिप्सम होतं. म्हणून तुमची भिंत वर मऊ झालीय, पाण्याखाली ठणठणीत असेल. बोट लावून पाहा म्हणालो असतो, पण नको. मेलबर्नच्या गटारांत पार्कर या संशोधकाने १९४५ साली हे जिवाणू दाखवून दिले. तेव्हा सेंटची पावडर टाकून काही होणार नाही.
आता विचारतो: पंपाचा फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच, किती उंचीवर आहे?

चिरेबंदी
साधी गोष्ट आहे. सल्फेट-रेझिस्टिंग सिमेंटने प्लास्टर मारा. माझं घर खाडीला लागून आहे, पायाला तेच वापरलंय, एक तडा नाही.

निवृत्त_अभियंता
पायाला खाऱ्या पाण्याचं सल्फेट लागतं, इथे आम्ल आहे. आम्लापुढे तेही विरघळतं. निदान अ‍ॅल्युमिनाचं सिमेंट तरी म्हणा.

चिरेबंदी
चाळीस वर्षं बांधकामात आहे मी.

निवृत्त_अभियंता
मीही बागकामात नव्हतो. खाडीवरून आठवलं. सचिवबाई, तुमच्याकडे बोअरचं पाणी मचूळ आहे का? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. ते बोअरमधून नाहीतर फुटक्या पाइपांतून सांडपाण्यात शिरलं की जिवाणूंना मेजवानीच.

सत्तरीचा_बागायतदार
कॅल्शियम नायट्रेट टाका. खताच्या दुकानात २५ किलोची पिशवी मिळते. जिवाणू सल्फेट सोडून नायट्रेटच्या मागे लागतात, मग वास तयारच होत नाही. माझ्या सुपारीला मी वापरतो, बघायला या कधी.

प्रयोगशाळा_ताई
बरोबर आहे, पण ते रोज, मोजून आणि संपच्या अलीकडच्या चेंबरमध्ये टाकावं लागतं. सोसायटीत रोज कोण टाकणार? आमच्याकडे झाडांना पाणी घालायलाही माणूस मिळत नाही.

नळवाला_म्हापसा
सकाळी वास म्हणजे येणारा पाइप उंचावरून धो-धो पडत असणार. त्याला बेंड लावून उभा पीव्हीसी पाइप पाण्यापर्यंत खाली न्या. खळबळ थांबली की अर्धा वास तिथेच बसतो. सामान फार नाही. फक्त आत उतरून करू नका.

सांतिनेज_सचिव
हो, बराच वरून पडतो! बोअरही मचूळ आहे. फ्लोट बिल्डरने लावला तिथेच, संप जवळजवळ भरल्यावर पंप सुरू होतो.

निवृत्त_अभियंता
मग फ्लोट आधी खाली आणा, फुकट काम. सांडपाणी संपमध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नये. वेंट पाइप, म्हणजे संपातला वायू बाहेर सोडणारा पाइप, गच्चीच्या वर न्या. एवढ्यावर दोन महिने थांबा, मग कोटिंगचं बघा.

पर्वरीकर
कोटिंगच करा शेवटी.

मळ्यातली_मीनल
शिडी नवी बसवू नका, उरलेल्या पायऱ्याही काढून टाका. पायऱ्या दिसल्या की कुणीतरी कुणाला तरी 'जरा बघ रे' म्हणून उतरवतो. हा वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं हवा स्वच्छ आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने असं उतरवणं गुन्हा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला ३० लाख द्यायला सांगितलं.

बार्देसचो_बाब
आमच्या वेळी सगळे उतरायचे.

मळ्यातली_मीनल
सगळे नाही, बाब. कोण उतरायचे ते तुम्हालाही ठाऊक आहे.

सांतिनेज_सचिव
सभा झाली. फ्लोट खाली घेतला, उभा पाइप मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याने संप उपसल्यावर वरूनच बसवला. वास बराच कमी आहे. पायऱ्या कापल्या. उरलेल्या पैशांत फायबरचं, रबर पट्टीचं घट्ट झाकण घेतलं. वेंट मात्र राहिला. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, पाइप आमच्या बाल्कनीसमोरून नको. आणि अध्यक्षांनी लॅव्हेंडरच्या वासाची पावडरही आणलीय, डबाभर.

निवृत्त_अभियंता
वेंट नाही आणि झाकण घट्ट? अहो, आता वायू तळमजल्याच्या नाहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीघराच्या जाळीतून येईल! पाइप मागच्या भिंतीने चढवा.

सांतिनेज_सचिव
मागची भिंतही त्यांचीच आहे, सर. चतुर्थीनंतर बघू म्हणतायत.

चिरेबंदी
प्लास्टर कुठलं मारलं शेवटी?