मदत हवी आहे: उंदरांसाठी माळ्यावर धामण सोडावी का?

नमस्कार मंडळी,

शीर्षक वाचून हसू नका, खरंच विचारतेय.

आमचं गावचं घर राजापूर तालुक्यात आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, वर फळ्यांचा माळा. आई-बाबा दोघंच तिथे राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. मी ठाण्यात. भातकापणी झाल्यापासून घरात उंदरांनी नुसता उच्छाद मांडलाय. कणगी पोखरून खाली भाताचा सडा, बियाण्याची पोती कुरतडलेली, माळ्यावरच्या नारळांना भोकं. देवघरातली वातसुद्धा पळवतात, तुपाची असते ना. खळ्याच्या कडेला घुशींनी उकरलेल्या मातीचे ढीग वेगळेच. रात्री माळ्यावर शर्यती चालू झाल्या की आईची झोप उडते ती उडतेच.

पिंजरा लावला. सुरुवातीला सापडले, आता सुक्या बोंबलाचा तुकडा आत तसाच वाळत पडतो. औषधाच्या वड्या ठेवल्या तर एक उंदीर फळ्यांच्या सांदीत कुठेतरी मेला आणि माजघरात बसवेना. शेजाऱ्यांचं मांजर येतं, दूध पितं, जातं.

आता गावातला एक जण म्हणतो, "काकी, धामण आणून सोडतो माळ्यावर. महिन्याभरात उंदीर औषधाला सापडणार नाय." त्याचे पैसे मागतोय. बाबा निम्मे तयार झालेत, कारण त्यांच्या लहानपणी माळ्यावर म्हणे मोठी धामण असायची आणि आजी तिला राखणदार म्हणायची. आईचं म्हणणं, "ती माळ्यावर आली तर मी खळ्यात झोपेन."

धामण बिनविषारी असते एवढं मला माहीत आहे. पण सोडली तर ती राहते का? उंदीर खरंच कमी होतात का? कायद्याचं काही लफडं आहे का? कुणी केलंय का असं? आणि हे नाही तर दुसरं काय करू? गणपतीच्या आधी काहीतरी मार्ग निघायला हवा, सगळं घर भरतं तेव्हा.

— माहेरवाशीण

मांगरवाला: ताई, आमच्या मांगरात धामण येता-जाता. कोणी आणूक नाय आणि कोणी हाकलूक नाय. उंदीर कमी झाले असतीत, पण संपूक नाय. उलट कोंबडीची पिल्ला होती, ती तिनाच खाल्ल्यान. अंडी पण सोडणा नाय. तुमच्याकडे कोंबड्यो आसत तर आधी त्यांचो विचार करा.

टवाळ: पगार, बोनस, नागपंचमीची भरपगारी सुट्टी, हे सगळं ठरलंय का धामणीशी?

वारूळ: टवाळराव, तुमचं चालू द्या. मी रत्नागिरी जिल्ह्यात साप सोडवण्याचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, त्या माणसाला आजच नाही म्हणून सांगा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि धामण त्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे, पकडणं आणि सापळा लावणंही त्यात येतं. पैसे देऊन घेतलीत तर खरेदी-विक्री आली. उद्या कुणी तक्रार केली तर त्याच्या जोडीला बाबांचं नाव लागेल. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी केवढी जुनी, पण प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जिवंत नाग पकडून मिरवण्यावर बंदी आली. तुमच्या माळ्याला कोण सवलत देणार?

कायदा सोडून द्या, हिशेबही बसत नाही. धामण दिवसा फिरते, उंदीर रात्री. दिवसा ती बिळात शिरून त्यांना धरते हे खरं, पण एक मोठा उंदीर गिळला की पुढचे काही दिवस तिला खाण्यात रस नसतो. इकडे उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. पावसाळ्यात तर बेडूकच इतके असतात की धामण माळा चढायचे कष्ट घेणार नाही.

आणि पकडून आणलेला साप सोडलेल्या जागी थांबत नाही. बाबांच्या लहानपणीची धामण आपल्या पायांनी, म्हणजे पोटाने, आली होती. तिला आतबाहेरच्या वाटा ठाऊक होत्या. पोत्यातून ओतलेली धामण बिथरलेली असते. एप्रिलमध्ये कौलांखाली भाजून निघतं, ती संध्याकाळच्या आत खाली उतरणार. मग मोरीत असेल, चुलीमागच्या लाकडांत असेल, कुठेही. सहा-सात फुटांचं जनावर अचानक पायाशी आलं तर विष नसलं म्हणून काय झालं? त्या वयात दचकून पडलं आणि खुबा मोडला तर? शिवाय दाबली गेली की धामण कडकडून चावते.

शेवटचं म्हणजे, तो आणेल ती धामणच असेल हे कोण पारखणार? धामण समजून नागाला हात घालणारे मी पाहिलेत.

माहेरवाशीण: वारूळ, मनापासून आभार. बाबांना हे जसंच्या तसं फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमची धामण कधी कुणाला चावली नाही." पण आवाज जरा खाली आलाय. आणि ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणतात, ते?

वारूळ: थोतांड. साप दूध ओढूच शकत नाही, त्याच्या तोंडाची तशी रचनाच नाही. गोठ्यात तो उंदरांच्या मागे येतो. तिथे दिसतो म्हणून आळ येतो.

ह्यूस्टनकर: थोडं इकडचं. आमच्या मुलाने कॉर्न स्नेक पाळलाय. इथे तो दुकानात रीतसर मिळतो. काचेच्या पेटीत राहतो आणि आठवड्याला एक गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात वितळवून त्याला द्यायचा. जिवंत उंदीर देत नाही, कारण उंदीर उलटून चावतो आणि साप जखमी होतो. म्हणजे साप पाळलाय आणि त्याच्यासाठी उंदीर विकत आणतोय. गॅरेजमधल्या फुकटच्या उंदरांसाठी सापळे लावलेत ते वेगळेच. बायको यावर रोज बोलते. टेक्सासमधल्या शेतांवर कोठारात रॅट स्नेक आपणहून आला तर जुने शेतकरी त्याला राहू देतात, पण मुद्दाम आणून सोडलेला मी तरी ऐकला नाही.

बांधावरून: साप राहू द्या, भाताचं बघा. ताई, बांबूची कणगी शेणाने कितीही लिंपली तरी उंदराला ती आमंत्रणच. पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी घ्या. जमिनीपासून दोन फूट उंच आणि भिंतीपासून सुटी ठेवा, म्हणजे खालून-मागून बघता येतं. खायला मिळेनासं झालं की निम्मे उंदीर वाट बदलतात. हे आधी, बाकी सगळं नंतर.

मग भोकं बुजवायची. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. नुसती माती किंवा सिमेंट भरलं तर पुन्हा उकरतात, आत तारेची जाळी कोंबून वर सिमेंट मारा. आंब्या-फणसाची फांदी कौलांवर आली असेल तर तोडा, त्यांचा जिना तोच असतो.

पिंजऱ्याचं म्हणाल तर उंदीर नव्या वस्तूला बिचकतो आणि सोबत्याला अडकलेलं पाहिलं की त्या जागेला टाळतो. पिंजरा गरम पाण्याने धुवा, जागा बदला आणि पहिल्या दोन-तीन रात्री दार तारेने बांधून उघडंच ठेवा. आत-बाहेर करून खाऊ दे. निर्धास्त झाला की तार सोडा. आमिष बदला, बोंबलाऐवजी भाजलेलं खोबरं किंवा भजी. भिंतीच्या कडेला लावा, मधोमध नको. धुताना हातमोजे घाला, आपल्याकडे लेप्टोच्या तापाचे रुग्ण दरवर्षी निघतात आणि तो उंदराच्या मुतातून पसरतो.

तुमच्या वड्या बहुतेक ब्रोमॅडिओलोनच्या असणार. त्याने उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, कुठे मरेल ते आपल्या हातात नाही, म्हणून तो वास. घराच्या आत नकोच. घुशींच्या बिळात चालेल, पण बीळ लिंपून घ्या. झिंक फॉस्फाइड कुणी सुचवलं तर अजिबात घेऊ नका. त्यावर उतारा नाही आणि घरात वयस्कर माणसं.

वारूळ: याला जोडून दोन गोष्टी. विष खाऊन गुंगलेला उंदीर मांजर, घुबड किंवा आपणहून आलेली धामण खाते आणि तीही मरू शकते. आणि ते चिकट पुठ्ठे आणू नका. मला येणारे निम्मे फोन त्यात अडकलेल्या सापांचेच वाटतात. खाद्यतेल चोळून चोळून एकेक खवला सोडवावा लागतो, तोवर साप अर्धमेला झालेला असतो.

पाखरू: गव्हाणी घुबडाबद्दल कुणीच बोललं नाही! एक जोडी पिल्लं वाढवताना रात्रीत कितीतरी उंदीर नेते. पकडायचं नाही, फक्त उंचावर लाकडी पेटी लावायची, आलं तर आलं. इस्रायलचे शेतकरी शेतात अशा पेट्या लावतात. लक्षद्वीपला कवरत्तीत नारळावरच्या उंदरांसाठी घुबडं नेऊन प्रयोग केला होता.

माहेरवाशीण: पाखरू, कल्पना आवडली, पण आईपुढे घुबडाचं नाव काढलं तर ती मलाच घरात घेणार नाही. धामण तरी राखणदार होती.

कोठी आणायचं ठरलंय. त्या माणसालाही नको म्हणून कळवलं. बाबा मात्र आता म्हणतात, उंदरांमागे नाग-घोणस आली तर? आई-बाबा दोघंही खालीच अंथरूण टाकतात.

वारूळ: बाबांची शंका रास्त आहे. उंदीर जिथे तिथे नाग आणि घोणस येतातच. खाली झोपणाऱ्यांना खरी भीती मण्यारीची. ती रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. खाट घ्या, मच्छरदाणी लावून कडा गादीखाली खोचा. सरपण आणि चिऱ्यांचा ढीग भिंतीला टेकून नको, आपल्या भागात फुरसं अशाच जागी बसतं. रात्री मोरीकडे जाताना बॅटरी हातात हवी. चावलाच तर बांधाबांध, चिरणं, मंत्र काही नाही. पाय हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. प्रतिविष या चारही सापांवर चालतं. घरात साप शिरला तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. कुणीही हात घालायचा नाही, बाबांनी तर नाहीच.

माहेरवाशीण: खाटेवरून वाद होणार, पण मी आता ऐकणार नाही. एक राहिलंच. माडावरचे कोवळे नारळही पोखरून खाली टाकतात. त्याला काही उपाय?

बांधावरून: बुंध्याला जमिनीपासून साधारण सहा-सात फुटांवर गुळगुळीत पत्रा गुंडाळा, रुंदी दीड फुटाच्या आसपास. नखं रुतत नाहीत, उंदीर घसरतो. जुना गंजका पत्रा वापरू नका, त्यावर ते आरामात चढतात. पाडपी माडावर चढेल तेव्हा त्याच्याकडून शेंडाही साफ करून घ्या, सुक्या झावळ्यांत त्यांची घरटी असतात. आणि दोन माडांच्या झावळ्या एकमेकींना लागत असतील तर पत्रा दोन्ही माडांना लावा, एकाला लावून पैसे फुकट जातील.