रहस्यकथांनी कान किटले, आता पुढचं काय ऐकू?

अर्धवट_वाचक: मंडळी, लागोपाठ रहस्यकथाच ऐकतेय. आता निवेदकाने आवाज जरा खाली आणला की खुनी कोण ते कळतं! आत्मचरित्र, इतिहास, विज्ञान, काहीही सुचवा. ऐकणं होतं ते भांडी घासताना, वाचन झोपण्याआधी, तेही दोन पानांत डोळे मिटेपर्यंत. मध्ये एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी लावली होती. कोण कुठल्या सरदाराचा मेहुणा, शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

कानसेन: ताई, प्रकार राहू दे बाजूला. हे कानाने घ्यायचं की डोळ्याने, ते आधी ठरवा. हात साबणाने भरलेले असताना मागे जाऊन मेहुणा शोधता येत नाही. छापील पुस्तकात निदान सुरुवातीला वंशावळ असते, बोट ठेवून बघता येतं. म्हणून सरदार कागदावर, आणि कानाला एकाच माणसाने सरळ सांगितलेली गोष्ट. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घ्या. बाई समोर बसून बोलताहेत असंच लिहिलंय. मध्ये खंड पडला तरी कुठूनही पुन्हा सूर लागतो.

आणि नमुना ऐकताना पहिला परिच्छेद सोडा, तो सगळेच झकास वाचतात. संवाद कुठे आहेत ते शोधा. बायकांचे संवाद आले की काही पुरुष निवेदक किनरा आवाज काढतात. दहा तास ते सोसणार असाल तर तुमची मर्जी.

रात्रपाळी: झोपण्याआधी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. महाभारतातली एकेक व्यक्ती, एकेक लेख. एका बैठकीत एक, विषय संपला.

कानसेन: ‘युगान्त’ झोपण्याआधी? अहो, त्यातली गांधारी वाचून झोप उडते!

रात्रपाळी: उडू दे की. एरवी दोन पानांत मिटतातच डोळे.

बोटीवरचा: कादंबरीच हवी तर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, 1939 ची. बोटीवरचा प्रवास, डोक्यावर महायुद्धाचं सावट, पानं थोडी. खून नाही, पण जीव टांगणीला लागतो. (माझ्या नावावर जाऊ नका, हा पक्षपात नाही.)

अर्धवट_वाचक: ‘स्मृतिचित्रे’ भांड्यांना, ‘युगान्त’ उशाशी. ‘रणांगण’ रांगेत. पण ऐकायला घेतलेलं पुस्तक पूर्ण आहे की कापलेलं, हे कसं ओळखायचं? ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्तीही आहे म्हणे.

कानसेन: आहे. कालावधी बघा. मिनिटाला 150 शब्द धरले तर तासाला 9,000. पानाला 250 शब्द पकडले तर 400 पानांचे झाले लाखभर, म्हणजे साधारण 11 तास. तिथे 3 तास दिसले तर समजा, कात्री चांगलीच चाललीय. वेग सव्वापट केलात तर 11 चे 9 होतात, पण लक्ष्मीबाईंना घाई करू नका. त्यांचे टोमणे निसटतात.