शब्दचर्चा: ‘वेल केप्ट’ बिअर आणि पबचा ‘लँडलॉर्ड’

प्रश्न: इंग्लंडमधल्या गावांच्या मध्यवस्तीत रिअल एल या पारंपरिक बिअरचे जे जुने पब आहेत, त्यांच्याबद्दल ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय मी मराठीत आणते आहे. ‘बिअर वेल केप्ट आहे’ हे वाक्य सारखं येतं. ‘नीट ठेवलेली बिअर’ फार मिळमिळीत वाटतं. शिवाय ‘लँडलॉर्ड’ला घरमालक म्हणावं का?

उत्तर: मी ‘निगा राखलेली बिअर’ म्हणेन. अशा पबची याहून मोठी स्तुती नसते, म्हणून इथे शब्द जपून निवडायला हवा.

रिअल एल ब्रुअरीतून निघते तेव्हा पुरती तयार नसते. पिंपात यीस्ट जिवंत असतं आणि शेवटचं आंबणं पबच्या तळघरात होतं. पिंप आलं की ते स्थिरावू द्यायचं, लाकडी खुंटीतून जादा वायू सोडायचा, गाळ तळाशी बसू द्यायचा, तळघर साधारण ११ ते १३ अंशांवर ठेवायचं, नळ्या वेळेवर धुवायच्या. पिंप एकदा उघडलं की हवा आत जाते आणि तीनेक दिवसांत ते संपवावं लागतं. ‘फर्किन’ नावाच्या नेहमीच्या पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट मावतात. गिऱ्हाईक नसेल तर कितीही निगा राखली तरी बिअर उतरते. साठच्या दशकात मोठ्या ब्रुअऱ्या गाळलेली, पाश्चराइज केलेली, वायूच्या दाबावर चालणारी केग बिअर पुढे रेटत होत्या, त्याचं एक कारण हेच: तिला एवढी मेहनत लागत नाही. त्याविरुद्ध १९७१ साली ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची संघटना उभी राहिली. ‘रिअल एल’ हे नाव तिनेच रूढ केलं. ग्राहकांच्या मताला इथे जे वजन आहे ते तेव्हापासूनचं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

‘घरमालक’ मात्र नको. पबचा लँडलॉर्ड म्हणजे तो चालवणारा. इमारत पुष्कळदा ब्रुअरीची किंवा एखाद्या कंपनीची असते आणि हा स्वतःच भाडेकरू असतो! ‘पबचालक’ लिहा, बाई असेल तर ‘पबचालिका’.

आणखी एक प्रश्न: ‘फ्री हाउस’ म्हणजे काय? आणि पबला सरळ ‘गुत्ता’ का म्हणू नये?

उत्तर: फुकटाशी संबंध नाही. अमुकच ब्रुअरीची बिअर घ्यायची, अशा कराराने न बांधलेला पब म्हणजे फ्री हाउस. म्हणून तिथे ‘गेस्ट एल’, म्हणजे थोडे दिवस ठेवलेल्या पाहुण्या बिअर, बदलत राहतात. ‘मोकळा पब’ कुणाला कळणार नाही; ‘कोणत्याही ब्रुअरीशी न बांधलेला’ असं लांबण लावलेलं बरं.

‘गुत्ता’ मला पटत नाही. मूळ अर्थ मक्ता, पण आज त्या शब्दाला चोरटेपणाचा वास येतो. या पबांत लोक दुपारी कुत्रा घेऊन येतात, वर्तमानपत्र वाचतात, अनोळखी माणसाशी बोलतात. संगीत नाही, टीव्ही नाही, ही तिथे तक्रार नसते. कौतुकाने लिहिलेलं असतं. पब हाच शब्द ठेवा.

पहिल्या प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: ‘निगा राखलेली’ घेतलं, आभार. एका अभिप्रायात ‘बिटर वॉर्म होती’ आहे. कडवट आणि कोमट लिहू?

उत्तर: ‘बिटर’ हा एलचा प्रकार आहे, नावासारखाच ठेवा. ‘वॉर्म’साठी आधी अभिप्राय कुणाचा ते बघा. लागर या थंडगार प्यायच्या बिअरची सवय असलेला पाहुणा तळघराच्या तापमानालाच वॉर्म म्हणतो. तिथे ‘बर्फगार नव्हती’ लिहा. नेहमीचं गिऱ्हाईक तोच शब्द वापरत असेल तर बिअर नळीत पडून तापली आहे, आणि तेव्हा ‘कोमट’ अगदी बरोबर. त्याच अभिप्रायात पुढे ‘ऑन द टर्न’ आलं, तर ‘आंबायला लागलेली’ म्हणू नका, कारण आंबल्याशिवाय बिअर होतच नाही. ‘उतरायला लागलेली’ लिहा.