चिनी चर्चच्या गीतपुस्तकातले आकडे कसे वाचायचे?

पेटीवाला
मंडळीत पेटी वाजवणारी एक विद्यार्थिनी एमबीबीएससाठी चीनमधल्या नानजिंगला जाते आहे, तिच्यासाठी विचारतो. भातखंडे स्वरलिपी तिला उत्तम येते, पाश्चात्त्य नोटेशन येत नाही. तिथल्या गीतपुस्तकांत शब्दांच्या वर १ ते ७ आकडे छापलेले असतात. सरगमच्या जोरावर ते वाचता येतील का? आणि रविवारी उपासनेला जाताना आणखी काय ठाऊक असावं?

स्वरलेखन
येतील, आणि एका बैठकीत येतील. या लिपीला ज्येनपू म्हणतात. १ म्हणजे सा, २ रे, ३ ग, असं ७ म्हणजे नि पर्यंत. ० म्हणजे विश्रांती. आकड्याच्या डोक्यावर बिंदू असला की तार सप्तक, खाली असला की मंद्र, अगदी भातखंड्यांसारखं. आडवी रेघ (–) म्हणजे स्वर आणखी एक मात्रा धरायचा. बिंदू उजव्या बाजूला असेल तर मात्र तो सप्तकाचा नाही. तिथे स्वर दीडपट लांबतो.

घोटाळा होतो तो आकड्याखालच्या रेघेत. आपल्याकडे खाली रेघ म्हणजे कोमल. ज्येनपूत खाली एक रेघ म्हणजे अर्धी मात्रा, दोन रेघा म्हणजे पाव. समजा तीन मात्रांच्या गीतात अशी ओळ आहे:

५ | १ – ३१ | ३ – २ | १ – ६ | ५ –

पहिल्या आणि शेवटच्या ५ खाली आणि ६ खाली बिंदू आहेत, आणि ‘३१’ खाली सलग रेघ. भातखंडे वाचणारा तिथे कोमल गंधार लावतो आणि पुढच्याच ‘सा’पाशी अडतो, कारण सा कोमल नसतोच. बरोबर वाचन असं: मंद्र प, मग सा दोन मात्रा, एका मात्रेत ‘गसा’, ग दोन मात्रा, रे एक. कोमल दाखवायचा असेल तर आकड्याआधी फ्लॅटचं चिन्ह (♭) येतं, आणि तीव्र म म्हणजे शार्पचं चिन्ह (♯) लावलेला ४. एकाच आकड्याखाली रेघ आणि मंद्राचा बिंदू दोन्ही असतील तर बिंदू रेघेच्याही खाली छापतात, तो नजरेतून सुटतो.

सर्वांत वर डावीकडे ‘१=एफ’ असं काही लिहिलेलं असतं. एफ हे सुराचं पाश्चात्त्य नाव, तोच षड्ज. पेटीवर तेवढी पट्टी धरली की झालं.

कॉयर_अल्टो
वरच्या उत्तरात एक भर. मायनर या पाश्चात्त्य स्वरसप्तकातली गीतं ६ वर विसावतात. तिथे ६ ला सा करायचा मोह होतो, तो टाळा. षड्ज १ वरच ठेवा आणि धैवतावर न्यास (विसावा) आहे असं समजा, नाहीतर पुढचं सगळं वाचन सरकतं. कॉयरमध्ये स्वर दो-रे-मी असे म्हणतात, फक्त सातव्याला ‘शी’ म्हणतात.

शब्दांचं वेगळं. चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘चू’ खाली उतरून म्हटलं तर प्रभू, वर सपाट धरलं तर डुक्कर. परदेशी चालींवर बसवलेल्या शब्दांत हा झगडा सतत असतो. मंदारिन या प्रमाण चिनीत संदर्भाने निभावतं, दक्षिणेकडच्या कँटोनीज बोलीत फार खटकतं. म्हणून मूळ चिनी गीतं आधी शिकावीत असं माझं ठाम मत आहे. हनान प्रांतातल्या श्याओमिन यांनी १९९० पासून रचलेली ‘कनान’ गीतं एक हजाराहून जास्त आहेत. त्यांनी संगीताचं शिक्षण घेतलेलं नाही. चाल त्या गातात, ज्येनपूत दुसरे उतरवतात. लोकगीताच्या वळणाच्या या चाली आपल्या भजन गाणाऱ्या गळ्याला लवकर बसतील.

मंडळी_सेवक
आता रविवारचं. सरकारदरबारी नोंदणीकृत चर्चमध्ये सहसा १९८३ चं ४०० गीतांचं ‘त्सान्मेइशी शिन्ब्येन’ हे गीतपुस्तक वापरतात. ते आणि बायबल चर्चच्या पुस्तक-खिडकीवरच घ्यावं. २०१८ पासून मोठ्या ऑनलाइन दुकानांतून बायबल काढून टाकलं आहे. पुष्कळ ठिकाणी उपासनेआधी गीतं शिकवतात. तिने त्याच वेळेला पोचावं, चाली तिथेच कानावर पडतात.

तिच्या हातात येणारं बायबल बहुधा नानजिंगच्याच अमिटी छापखान्यातलं असेल, भाषांतर १९१९ चं. त्यात देवासाठी ‘शन्’ हे एकच अक्षर असतं आणि त्याच्याआधी एक अक्षराची जागा कोरी. ती छपाईची चूक नाही. दुसऱ्या आवृत्तीत ‘शांग्दी’ ही दोन अक्षरं येतात, दोन्हींची पानं जुळावीत म्हणून ही जागा सोडली.

वचन शोधताना पुस्तकांची नावं एका अक्षरावर आणलेली असतात. योहान, ईयोब आणि यहोशवा या तिन्ही नावांची सुरुवात ‘युए’ अक्षराने होते, पण नुसतं ‘युए’ म्हणजे योहानाचं शुभवर्तमान. ईयोबासाठी ‘बो’, यहोशवासाठी ‘शू’.

पेटीवाला
मनापासून आभार. तिला कॉयरमध्ये वाजवता येईल का? आणि मैत्रिणींना गीतं पाठवली तर चालेल?

मंडळी_सेवक
वाजवायचं तिथल्या पाळकांना विचारून ठरवावं. स्वतःहून उपदेश किंवा प्रार्थनागट मात्र नाही. परदेशी माणसाला आमंत्रणाशिवाय उपदेश करता येत नाही, आणि विद्यापीठाच्या आवारात धार्मिक कार्यक्रमाला बंदी आहे. वसतिगृहातल्या खोलीत बायबल अभ्यास भरला तर त्रास आधी चिनी मुलींना होतो, हे तिने कायम लक्षात ठेवावं. परदेशी पासपोर्टवाल्यांच्या वेगळ्या इंग्रजी उपासना असतात तिथे दारात पासपोर्ट पाहतात, तो जवळ असू द्यावा.

इंटरनेटचे नियम मार्च २०२२ पासून कडक आहेत. उपासना, बाप्तिस्मा यांचं थेट प्रक्षेपण किंवा रेकॉर्डिंग नेटवर टाकायला मनाई आहे. परवाना असलेल्या संस्थेलाही ते करता येत नाही. त्यामुळे उपासनेत मोबाइल पर्समध्ये ठेवावा आणि वीचॅट या चिनी मेसेजिंग अॅपच्या गटात गीतांचे पीडीएफ टाकू नयेत. गीत हवं असेल तर वहीत उतरवून घ्यावं. ज्येनपूचा हाच फायदा, पेन्सिल आणि साधा कागद पुरतो.

कॉयर_अल्टो
उतरवताना आधी मात्रांच्या उभ्या रेघा मारा, मग आकडे, मग खालच्या रेघा, आणि सप्तकाचे बिंदू सर्वांत शेवटी. बिंदू आधी दिले की रेघ त्यांच्यावरूनच जाते आणि मंद्र प मध्य सप्तकात गायला जातो.