ईएक्सटी४ : वेगासाठी बॅरिअर बंद करावा का?

प्रश्न – लॉगफाइल

पोस्टग्रेस डेटाबेस आणि लोकांनी अपलोड केलेल्या फाइली एकाच ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशनवर आहेत. खाली ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क, रेड कंट्रोलर नाही, यूपीएस आहे. छोटी ट्रान्झॅक्शन्स खूप आहेत आणि प्रत्येक कमिटला डिस्क अडून बसते. 'डेटा=रायटबॅक, बॅरिअर=०, कमिट=६०' हे तिन्ही पर्याय एफएसटॅबमध्ये (माउंटचे पर्याय ठेवणाऱ्या फाइलीत) टाका, असा सल्ला ठिकठिकाणी दिसतो. वीज गेल्यावर शेवटच्या काही सेकंदांचं काम गेलं तरी चालेल, पण डेटाबेस बिघडलेला चालणार नाही. यातलं काय घ्यावं, काय सोडावं? शिवाय 'डेटा=रायटबॅक' रीमाउंट करून (चालू माउंटचे पर्याय बदलून) लावला तर माउंट नकार देतो, तो का?

उत्तर – चकती

बॅरिअर=० आधी काढून टाका. तुमच्या अटीत तोच बसत नाही.

जर्नल म्हणजे फाइल सिस्टिमची बदलांची नोंदवही; तिचा सगळा डोलारा क्रमावर उभा आहे. बदललेले मेटाडेटा ब्लॉक (फाइलींची नावं, आकार, जागा यांची माहिती) आधी जर्नलमध्ये जातात, ते चकतीवर पोचल्याची खात्री होते आणि मग कमिट ब्लॉक लिहिला जातो. ही खात्री म्हणजेच फ्लश (कॅशमधलं सगळं चकतीवर उतरव, असा डिस्कला हुकूम); बॅरिअर=० तोच बंद करतो. डिस्कची स्वतःची राइट कॅश असते आणि ती आपल्या सोयीने क्रम बदलते. फ्लश पाठवलाच नाही, तर कमिट ब्लॉक आधी उतरतो आणि त्याच्या मागचे ब्लॉक कॅशमध्येच राहतात. त्याच क्षणी वीज गेली, तर पुढच्या बूटला अर्धवट नोंद पूर्ण समजून रिप्ले होऊ शकते. जर्नलला चेकसम असेल तर असली नोंद ओळखू येते, पण दुसरा धोका उरतोच: मेटाडेटा मूळ जागी उतरला असं समजून जर्नलची जागा पुन्हा वापरली जाते आणि प्रत्यक्षात तो अजून कॅशमध्येच असतो. म्हणजे नुकसान शेवटच्या मिनिटापुरतं राहत नाही. कित्येक वर्षं हात न लागलेली डिरेक्टरीही हकनाक जाऊ शकते.

यूपीएस फक्त भिंतीतल्या विजेची काळजी घेतो. पॉवर सप्लाय जळणं, केबल सैल होणं, बॅटरी संपणं यांवर त्याचा उपाय नाही.

उत्तर – इनोड४२

चकती यांच्याशी सहमत. उरलेल्या दोन पर्यायांबद्दल लिहितो, कारण तुमची अडचण त्यांनी सुटतच नाही.

पोस्टग्रेसचा वॉल (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो तो लॉग) १६ एमबीच्या तुकड्यांत असतो. हे तुकडे आधीच पूर्ण आकाराचे तयार असतात आणि पुन्हा पुन्हा वापरले जातात. लिनक्सवर कमिटला डिफॉल्ट एफडेटासिंक (फाइलचा डेटा डिस्कवर उतरेपर्यंत थांबणारा कॉल) होतो. फाइलचा आकार बदलत नाही, नवा ब्लॉक लागत नाही, त्यामुळे ईएक्सटी४च्या जर्नलला बहुतेक वेळा हातच लागत नाही. वेळ जातो तो चकती फिरण्यात: ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. एका कनेक्शनवरून एकापाठोपाठ कमिट केले तर सेकंदाला १२०च्या आसपास मर्यादा येणारच. 'डेटा=रायटबॅक' यात काहीही बदलत नाही.

ते घालवतं मात्र बरंच. डिफॉल्ट 'ऑर्डर्ड'मध्ये फाइलचा डेटा आधी आणि मेटाडेटाचा कमिट नंतर असा क्रम पाळला जातो. रायटबॅकमध्ये तो बंधनकारक नाही. क्रॅशनंतर नव्या फाइलच्या पोटात आधी डिलीट झालेल्या दुसऱ्याच कुणाच्या फाइलचे ब्लॉक दिसू शकतात. लोकांचे अपलोड त्याच पार्टिशनवर असताना हे अजिबात नको.

'कमिट=६०'ने जर्नल ५ ऐवजी ६० सेकंदांनी कमिट होतो. एफसिंक (हाही फाइल लगेच डिस्कवर उतरवणारा कॉल) त्यासाठी थांबत नाही, म्हणून डेटाबेसला फायदाही नाही आणि तोटाही नाही. तोटा अपलोडना: एफसिंक न केलेल्या फाइलीचं नावसुद्धा मिनिटभर डिस्कवर नसेल. तसंही डिलेड अलोकेशनमुळे (डिस्कवरची जागा उशिरा नेमण्यामुळे) डेटा साधारण ३० सेकंद मेमरीतच असतो. अपलोड करणाऱ्या कोडने तात्पुरत्या नावाने लिहावं, एफसिंक करावा, मग रिनेम आणि शेवटी डिरेक्टरीवरही एफसिंक. हा शेवटचा टप्पा बहुतेक जण विसरतात.

रीमाउंटबद्दल: डेटा मोड चालू माउंटवर बदलताच येत नाही, अनमाउंट करून पुन्हा माउंट करावं लागतं. रूट पार्टिशनच्या एफएसटॅबमध्ये तो टाकलात तर बूटच्या वेळचा रीमाउंट फसतो आणि रूट रीड-ओन्ली राहतो.

उत्तर – वॉलरक्षक

तुम्हाला हवं ते पोस्टग्रेसमध्येच आहे: 'सिंक्रोनस_कमिट=ऑफ'. कमिट वॉलच्या फ्लशसाठी थांबत नाही. क्रॅश झाल्यास जास्तीत जास्त 'वॉल_रायटर_डिले'च्या तिप्पट वेळेतली ट्रान्झॅक्शन्स जातात. डिफॉल्ट २०० मिलिसेकंद, म्हणजे ०.६ सेकंद. पण डेटाबेस सुसंगत राहतो. हे 'सेट लोकल'ने एकेका ट्रान्झॅक्शनपुरतंही लावता येतं: पैशांच्या नोंदींना सिंक्रोनस_कमिट चालू, भेटींच्या मोजणीला बंद. माझ्या मते सगळ्या सर्व्हरवर एकदम ऑफ करण्यापेक्षा हेच बरं.

'एफसिंक=ऑफ' ही वेगळी सेटिंग आहे. नाव जवळचं वाटतं म्हणून गोंधळ होतो. तिने क्रॅशनंतर डेटाबेस खरोखर बिघडू शकतो.

बदल करण्याआधी त्याच पार्टिशनवर 'पीजी_टेस्ट_एफसिंक' चालवा. साध्या ७२०० आरपीएम डिस्कवर एफडेटासिंकचा आकडा सेकंदाला हजारांत आला तर आनंद मानू नका; वाटेत कुठेतरी फ्लश गिळला जातोय. यूएसबी पेटी किंवा व्हर्च्युअल मशीनची कॅश सेटिंग आधी तपासा.

लॉगफाइल

आकडा शंभरच्या थोडा खाली आला, म्हणजे डिस्क खरं बोलतेय. वॉल वेगळ्या एसएसडीवर ठेवला तर? तिथे तरी बॅरिअर बंद चालेल का?

उत्तर – चकती

वॉल वेगळा ठेवाच, पण वीज गेल्यावर कॅश रिकामी करणारे कपॅसिटर असलेली एसएसडी घ्या. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलींत) त्या डिस्कच्या 'क्यू' फोल्डरातली 'राइट_कॅश' फाइल वाचा. 'राइट थ्रू' दिसलं तर कर्नल फ्लश पाठवतच नाही, मग बॅरिअर बंद करून वाचणार काय? 'राइट बॅक' दिसलं तर फ्लश लागतो. त्या फाइलीत हाताने 'राइट थ्रू' लिहू नका. त्याने फक्त कर्नलची समजूत बदलते, डिस्कची कॅश तशीच राहते.

हलवताना पोस्टग्रेस पूर्ण थांबवा, 'पीजी_वॉल' फोल्डर नव्या डिस्कवर न्या, जुन्या जागी सिमलिंक द्या, मालक आणि ७०० परवानगी तपासून मग सुरू करा. हा फोल्डर हरवला तर मूळ डिस्क शाबूत असूनही डेटाबेस उठणार नाही, तेव्हा बॅकअपमध्ये दोन्ही डिस्क एकत्र धरा.