चकमकीच्या शिकारी बंदुकीची नळी आखूड कशी झाली?

लीड्सवासी:
काल मुलीला घेऊन इथल्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात गेलो होतो. चकमकीच्या दोन शिकारी बंदुका पाहिल्या. जुनी एकनळी पार तिच्या उंचीची, नंतरची दुनळी जेमतेम अडीच फुटी नळ्यांची. नळी आखूड केल्यावर मारा कमी होत नाही का? मुलीने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

कुडाळकर:
नाही होत, आणि ते श्रेय लंडनच्या बंदूककार हेन्री नॉकचं. जुन्या बंदुकीत घोडा पडला की गारेची ठिणगी वाटीतल्या रंजकावर (पेटवणीच्या बारीक दारूवर), तिथून कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, जाळ आत, आणि दारू एका कडेने सावकाश पेटत जायची. ती पुरती जळेपर्यंत छर्रे नळीतच राहावेत म्हणून ४० इंची नळ्या. नॉकने १७८७ मध्ये पेटंट घेतलं त्या बुडात (नळीच्या मागच्या बंद टोकात) मुख्य बाराच्या, म्हणजे ठासलेल्या दारूच्या, मागे एक छोटी कोठी आहे. तिथली चिमूटभर दारू आधी पेटते नि तिचा जाळ थेट बाराच्या मधोमध घुसतो. मग ३० इंच पुरतात. वजन घटलं, म्हणून तर दोन नळ्या शेजारी शेजारी पेलता आल्या.

माझ्या आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक होती, केपाची, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीची. साफ केल्यावर रिकाम्या नळीत ते फुंकर मारायचे आणि बंदुकीच्या कानाशी माझा ओला अंगठा धरायला लावायचे. अंगठ्याला गार वारा लागला तरच कान मोकळा. दारूची राख लोखंड खाते, म्हणून चांगल्या इंग्रजी बंदुकांच्या कानाला सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं अस्तर असे.

लीड्सवासी:
अहो, दुनळीच्या कानाशी पांढरं चकचकीत कडं होतं! मी चांदी समजलो. आणि दोन नळ्यांच्या मधली ती उंच पट्टी कशाला?

कुडाळकर:
प्लॅटिनमच असणार. पट्टी लंडनचाच बंदूककार जोसेफ मॅन्टनची, पेटंट १८०६. बुडाशी उंच, तोंडाकडे उतरती. नेम धरला की नळी आपसूक जरा वर राहते आणि बार उडत्या पक्ष्याच्या खालून जात नाही. मला त्या काळातलं सगळ्यात देखणं काम हेच वाटतं.

दर्यावर्दी:
तरी रंजकाचा भपका उरलाच. तो दिसताच पाणपक्षी बुडी मारत. म्हणून स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांनी ठोक्याने पेटणारं मिश्रण वापरलं, पेटंट १८०७. कुडाळकरांच्या आजोबांची केप त्याच वाटेने आली.

कुडाळकर:
अगदी. लीड्सवासी, पुन्हा गेलात तर मुलीला कान नक्की कुठे आहे ते शोधायला सांगा. जुन्या बंदुकीत तो नळीतच असतो, नॉकच्या पद्धतीत मागच्या वेगळ्या बुडात. सांध्याची रेघ काचेतूनही दिसेल.